कालव्यावरची सुरमई

रोज सकाळी हा माणूस कालव्यात मीठ टाकायचा.

खडेमीठ, दोन मुठी. एक काठावर उभं राहून, दुसरी बोटीच्या नाकाडावरून. मग करंगळी पाण्यात बुडवून चाखायचा, तोंड वेडंवाकडं करायचा आणि म्हणायचा, "अळणीच हाय आजून."

थोडं खाली आबांचा गहू होता. कालव्यातून शेताच्या चारीत पाणी सोडायला लोखंडी दारं असतात, त्यातलं पहिलं दार आबांचं. आबा तिथूनच ओरडायचे, "आरं कप्तान, माझ्या गव्हाला मीठ लागायलंय ना बाबा!"

"मग औंदा कणकीत टाकू नका, आबा. आयतंच मिळायलंय."

त्याचं म्हणणं साधं होतं. दर्यावर बसून जेवायचं तर पाणी खारं नको का? आता पूर्णा जंक्शनच्या अलीकडल्या आमच्या गावापासून दर्या किती लांब, ते मी मोजलेलं नाही. रात्रभर गाडीत झोपायचं, सकाळी उठून दुसऱ्या गाडीत बसायचं, मग कुठं त्याचा वास येतो. या माणसानं तोही घेतलेला नव्हता. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. फक्त तो विषय निघाला की तो बहिरा व्हायचा.

तीस वर्षं येलदरीच्या धरणावर त्यानं साहेब लोकांना लाँचमधून फिरवलं. पुढं तो आणि लाँच एकाच वर्षी निकामी ठरले. त्याला पेन्शन मिळाली, लाँचला लिलाव. भंगारवाल्यानं लाँचकडं बघून नाक मुरडलं, कारण इंजिन आधीच काढून घेतलेलं. यानं ती घेतली, ट्रॉलीवर घालून गावी आणली आणि स्वतःच्या शेताच्या कडेनं जाणाऱ्या कालव्यात सोडली. त्या दिवसापासून तो कप्तान झाला आणि कालव्यालगतच्या लिंबावर पाटी लागली: 'सी-फुड. दर्यावरचं जेवण. ओहोटीत बंद.'

भरती म्हणजे कालव्याला पाणीपाळी सुटलेली. ओहोटी म्हणजे पाळी बंद. चंद्राचा काही संबंध नाही, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातल्या तक्त्याचा आहे. तो तक्ता त्यानं बोटीत देवाच्या फोटोशेजारी लावला होता आणि उदबत्ती दोघांना मिळून एकच.

बोट ओढायला बैल होता. त्याचा जोडीदार मेला होता, म्हणून एकट्याचा शेतात उपयोग नव्हता. कप्तानानं त्याचं नाव ठेवलं इंजिन. कालव्याच्या भरावावरून इंजिन दोर घेऊन चालायचं आणि मागं बोटीत माणसं जेवायची. दोन पुलांच्या मधलं तेवढं अंतर. एका पुलावरून हाक मारली तर दुसऱ्यावर ऐकू जाईल, पण काय म्हटलं ते कळायचं नाही, इतकंच. कालवा अरुंद. बोटीला वळायला जागा नाही. म्हणून जाताना तिचं तोंड पुढं आणि येताना ढुंगण. परतीची वेळ झाली की कप्तान टाळी वाजवायचा, "उठा! बोट फिरत न्हाई, माणसं फिरत्यात!" मग सगळ्यांनी ताटं हातात घेऊन उठायचं, गिरकी घ्यायची आणि समोरच्या बाकावर बसायचं. उष्ट्या हातानं, रश्श्याची वाटी सांभाळत. ज्याला हे जमत नसेल त्यानं घरी जेवावं, असं त्याचं मत होतं.

अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. पूर्ण्यातली एक ब्यांडपार्टी बंद पडली तेव्हा घेतलेला पोशाख. पाठीवरचं ब्यांडाचं नाव त्यानं उसवून काढलं होतं, पण दोरे राहिले होते आणि ऊन पडलं की नाव वाचता यायचं. ती टोपी तो जेवतानाही काढत नसे. "कप्तानाची टोपी बोट बुडल्याशिवाय निघत न्हाई," म्हणायचा.

निघायच्या आधी भाषण. "कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. कुणी वाकायचं न्हाई. आन् समजा बोट बुडाली, तर घाबरायचं न्हाई." इथं तो थांबायचा, सगळ्यांच्या डोळ्यांत बघायचा. "मग उभं ऱ्हायचं." पाणी कमरेएवढं.

स्वयंपाक काठावर, त्याच्या बायकोच्या हातचा. तिला सगळे कप्तानीण म्हणत. तिचं माहेर धरणाकाठचं, मासा तिच्या हातात नुसता बघत राहावा असा व्हायचा. पण बोटीत तिनं कधी पाऊल ठेवलं नाही. म्हणायची, "ह्याला पान्याचं याड हाय, माय. घरच्या नळाला आठ दिसाला पाणी, आन् ह्यो चालला दर्यावर!"

मासा सकाळच्या यष्टीनं येलदरीहून यायचा. रोज रोहू, क्वचित मरळ. पाटीखाली खडूनं मात्र लिहिलेलं सुरमई, पापलेट, रावस. गोल कापला की सुरमई, आडवा चिरला की रावस, पोरगेलासा सबंध तळला की पापलेट. आणि एक कडक नियम: मासा कुठला, हे विचारायचं नाही. "तुमी कुठले हाव, ते म्या इचारलं का?"

एकदा परभणीहून एक प्रोफेसर आले होते. त्यांनी विचारलं. कप्तानानं बैल थांबवला, हाताची घडी घातली. "सवाल वापस घ्या."

"अहो, मी सहज..."

"सहज वापस घ्या."

चाळीस मिनिटं बोट मधोमध उभी होती. रस्सा थंड झाला. शेवटी प्रोफेसरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या हो वापस, तुम्हाला कुठं पेपर तपासायचाय?" प्रोफेसरांनी सवाल वापस घेतला. इंजिन चालू झालं.

आता माझ्याविषयी सांगते, कारण या गोष्टीतलं दुसरं येडं पात्र मी आहे.

त्या काळी मी पन्नाशीची होते आणि मला सगळं कळायचं. आता सत्तरीकडं निघालेय आणि काय काय कळायचं त्याची यादी आठवून एकटीच हसते. आयुष्यात एकदा मी महिला मंडळाबरोबर कोकणात गेले होते, चार दिवस. त्यातले दोन पोट धरून खोलीत काढले. उरलेल्या दोन दिवसांच्या जोरावर मी वीस वर्षं पंचक्रोशीत माशांवर बोलत होते. कप्तानाच्या बोटीत मी पहिल्यांदा बसले तेव्हा तो म्हणाला, "वैनी, तुमी मधी बसा. काठाला बसलाव तर बोट कलंडंल." सगळे हसले. मी बाणेदारपणे मधे बसले, घास घेतला आणि डोळे मिटून म्हटलं, "वा! अस्सल सुरमई." कप्तानानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मेहनती चोर हौशी चोराकडं बघत असेल.

तर आमच्या धाकटीचं जमत होतं. ती पूर्ण्याला शाळेवर शिक्षिका, मुलगा तिथंच बँकेत बदलून आलेला, कोकणातला, समुद्रकाठचा. दोघांचं एकमेकांवर मन होतं. आमच्या घरी अडचण नव्हती. अडचण मुलाच्या आईची. ती विधवा, एकटीनं लेकरू वाढवलेलं. फोनवर ती मला एवढंच म्हणाली होती, "ताई, माझा मुलगा मासळीवर वाढलाय. तुमच्या कोरड्या मुलखातली मुलगी आमच्यात रुळेल का, एवढीच काळजी."

कोरडा मुलूख! मला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "ताई, आमच्याकडं बोटीत बसून सुरमई खातात. आणि माझी लेक मासे सात तऱ्हेनं करते."

लेक शेजारीच बसली होती. तिला चहा एका तऱ्हेनं यायचा.

"मग येतेच मी बघायला," पलीकडून आवाज आला. "बोटीतच बसू. तिथंच काय ते ठरवू."

झालं. लेकीचं लग्न आता माझ्या जिभेला टांगलेलं.

मी दिवस काढायला बसले. बोलणीला दिवस चांगला हवा आणि माशाला चालणारा हवा. सोमवार नको, गुरुवार नको, शनिवार नको, चतुर्थी नको, एकादशी नको, मंगळवारी मुलाच्या आईचा उपास, बुधवार-शुक्रवारी मुलाची बँक. माघातला एक रविवार तेवढा सगळ्यातून गळून खाली उरला. मी पंचांग मिटलं आणि कप्तानाकडं गेले.

तो म्हणाला, "वैनी, पंचांग बगितलाव, तक्ता बगितलाव का? त्या दिशी ओहोटी लागती. पाळीचा शेवटचा दिस. वरून पाणी कमी केलेलं असतंय, आन् खाली पाचीबी दारं उघडी. बोट चिखलात बसंल."

"ते मी बघते. साहेबांना फोन करते. पाणी राहील."

"साहेब तुमचं ऐकत्यात?"

"तुम्ही फक्त मासा बघा," मी म्हटलं. "आणि कप्तान, सुरमईच म्हणायचं. मेलात तरी सुरमई."

त्यानं टोपी नीट केली.

मी फोन केला. कुणीतरी उचलला. मी आमच्या जमिनीचा, आमच्या ह्यांच्या नावाचा आणि लेकीच्या सोयरिकीचा दाखला देऊन हुकूम सोडला की रविवारी पाणी उतरता कामा नये. पलीकडून "बरं" आलं. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हणाले, "बघा, ओळख असली की कालवासुद्धा थांबतो."

रविवारी चार वाजता आम्ही पाच जण काठावर उभे: मी, हे, लेक, मुलगा आणि त्याची आई. बारीक चणीची, सावळी, नऊवारी नेसलेली बाई. कालवा काठोकाठ. बोट डौलात. माझी छाती बोटीपेक्षा वर आलेली.

"वैनी, तुमी मधी," कप्तान सगळ्यांदेखत म्हणाला. भाषण झालं. "मग उभं ऱ्हायचं," यावर मुलाची आई खुदकन हसली. मला बरं वाटलं.

बोट निघाली. पहिल्या दाराशी आबा फावड्यावर हनुवटी टेकून उभे. "कप्तान, जमलं का?"

"आत्ताशीक बसलेत, आबा! दम धरा!"

मी पाहुणीला म्हटलं, "आमच्याकडं लोक फार हौशी. बोट बघायला येतात."

दुसऱ्या दारावर एक म्हातारी बसलेली. "जमलं का रं?"

तिसऱ्यावर दोघे भाऊ. "जमलं का हो?"

"इथं सगळ्यांची चौकशी सारखीच," मुलाची आई म्हणाली.

"संस्कार," मी म्हटलं.

कप्तानिणीनं डबे आधीच बोटीत ठेवले होते. काळ्या मसाल्याचा, भाजल्या धान्याचं येसर लावलेला रस्सा, ज्वारीची भाकरी, तिखटात घोळवून तळलेले गोल तुकडे. मुलाची आई जेवू लागली. एक काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा काढला, त्याच्याशेजारी ठेवला. एका माळेत, नीट. दुफाट्याचे बारीक काटे.

"ताई, ही कुठली मासळी म्हणालात?"

"सुरमई."

"सुरमईला एवढे काटे?"

"आमच्याकडं असतात."

तिनं आणखी एक काटा ठेवला. इथं शहाणी बाई गप्प बसली असती. मी रश्श्यातून एक खवलं उचललं आणि तिच्यासमोर धरलं. "हे बघा की! रुपयाएवढं खवलं. हलक्या माशाला एवढं खवलं असतं का? ही अस्सल सुरमईची खूण!"

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. डॉक्टर रिपोर्टकडं बघतो, तशी.

"सुरमईचं खवलं डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, ताई," ती हळू म्हणाली. "माझ्या वडलांची होडी होती."

 हे ताटात बघायला लागले.

"मासा कुठलाही असू दे," ती पुढं म्हणाली. "मला त्याचं काही नाही. पण जी आई समोरच्या ताटातल्या माशाबद्दल खोटं बोलते, तिनं आपल्या मुलीबद्दल सांगितलेलं मी किती खरं धरायचं?"

"आई..." मुलगा म्हणाला.

"तू थांब."

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. ती पाण्याकडं बघत होती आणि तिच्या हातातला घास तसाच होता. तो घास मला आजही दिसतो. त्या एका क्षणात मला कळलं की माझ्या बढाईचं बिल पोरीच्या ताटात आलंय.

मुलाच्या आईनं कप्तानाकडं तोंड वळवलं. "दादा, तुम्ही सांगा. हा मासा कुठला?"

मी डोळे मिटले. आता बैल थांबणार. आता 'सवाल वापस घ्या'.

"इंजिन, ठैर," कप्तान म्हणाला. बैल थांबला. मी डोळे उघडले तर त्यानं टोपी काढून हातात घेतलेली. त्या तुऱ्याखाली अगदी साधं, घामेजलेलं टक्कल होतं.

"रोहू हाय, बाई. येलदरीचा. सकाळच्या यष्टीनं आलाय. सुरमई म्या जन्मात बगितली न्हाई. दर्या बी न्हाई बगितला. ह्या वैनीला म्याच सांगितलं, सुरमई हाय म्हणून. त्याइनं इश्वास ठेवला. बाईमाणूस भोळं. त्याइचा कसूर न्हाई."

भोळं! पन्नास वर्षांत मला हा शब्द कुणी लावला नव्हता. आमच्या ह्यांना ठसकाच लागला.

चाळीस मिनिटं प्रोफेसराला उपाशी ठेवणाऱ्या माणसानं आपला दर्या एका दमात देऊन टाकला. आणि तो देतानाही खोटंच बोलला, माझ्या वाटचं.

मुलाच्या आईनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटतं तिला सगळं समजलं. होडीवाल्याची लेक होती, पाण्यात काय आहे ते वरून कळत असणार.

तेवढ्यात काठावरून, "कप्तान, जमलं का? दिवस चाललाय!"

"हे लोक मघापासून काय विचारतायत?" तिनं विचारलं.

कप्तान अवघडला. टोपी फिरवत म्हणाला, "त्याइची पाळी हाय आज. शेवटचा दिस. दारं उघडली की पाणी शेतात जातंय, क्यानल उतरतो, बोट बसती. म्हणून दुपारधरनं दारं लावून बसलेत. पाचीबी."

"कशासाठी?"

"पोरीचं काम हाय म्हणून."

"पोर त्यांची कोण?"

"कोणी न्हाई. गावची हाय."

मला राहवेना. "अहो पण मी साहेबांना फोन केला होता! त्यांनी बरं म्हटलं!"

"साहेब रजेवर हायत, वैनी. फोन चौकीदाराच्या बायकोनं उचलला व्हता. तिनं मला इचारलं, कोण बाई वरडायली व्हती?"

नंतर कळलं, तो तीन दिवस सायकलवर पाची दारांवर फिरला होता. आबांनी आधी शिव्या दिल्या होत्या, मिठाच्या सगळ्या जुन्या हिशेबासकट. मग विचारलं होतं, "पोरीचं काम हाय म्हणतूस?" आणि दार लावलं होतं. आमच्याकडं पाण्यावरून डोकी फुटतात. सख्खा भाऊ भावाला तासभर पाणी सोडत नाही. पण पोरीच्या सोयरिकीला कुणी नाही म्हणत नाही. ही रीत मी त्याच गावात तीस वर्षं राहून विसरले होते आणि साहेबांना फोन करत होते.

कप्तान पुढं झाला. "बाई, व्हय म्हणा का न्हाई म्हणा, आमची जबरदस्ती न्हाई. पण सहाच्या आत म्हणा. सहाला पाळी संपती. गहू पोटऱ्यात आलाय, त्याला पाणी लागायलंय."

दुनियेत कुठल्या वरमाईला असा पेच कुणी घातला नसेल.

ती म्हणाली, "आधी बोट मागं फिरवा."

 कप्तान सवयीनं म्हणाला, "बोट फिरत न्हाई, बाई. माणसं फिरत्यात."

ती ताट घेऊन उठली. गिरकी घेतली. समोरच्या बाकावर जाऊन बसली, आणि ती जागा माझ्या लेकीशेजारची होती. तिनं लेकीच्या हातातल्या घासाकडं बघितलं. "खा गो. काटे नीट बघून खा. एवढ्या काट्यांचा मासा खाणारी मुलगी आमच्याकडं उपाशी नाही राहायची." मग कप्तानाला, "सांगा त्यांना, जमलं म्हणून. गहू वाळायला नको."

कप्तानानं टोपी डोक्यावर ठेवली, नाकाडावर चढला आणि दोन्ही पुलांना ऐकू जाईल असा ओरडला, "जमलंऽऽ! खोलाऽऽ!"

पाची दारं उघडली. आबांच्या चारीत पाणी धावायला लागलं. लोक हसत होते, आम्ही बोटीत साखर वाटत होतो आणि कालवा खाली खाली चालला होता, याकडं फक्त इंजिनचं लक्ष होतं. ते दोर ताणून थकलं आणि उभं राहिलं. बोट चिखलात बसली आणि कलली. माझ्या बाजूला.

"घाबरायचं न्हाई!" कप्तान म्हणाला. "उभं ऱ्हायचं!"

माझ्या विहीणबाई, आता विहीणच, नऊवारीचा काष्टा वर खोचून चिखलातून अशा गेल्या, जशा माहेरच्या खाजणातून. मी दोन पावलांत गुडघ्यापर्यंत रुतले. शेवटी दोराचं टोक माझ्या कमरेला बांधलं आणि इंजिननं मला बाहेर काढलं. माझी एक चप्पल अजून त्या कालव्यात आहे.

लग्न झालं. गोष्ट इथं संपली असती, तर ती माझ्या जिभेची गोष्ट झाली असती. पण पुढं कप्तानाचं बिघडलं.

त्यानं पाटी रंगवून घेतली: 'येलदरीचा मासा.' मी विचारलं, हे काय? म्हणाला, "एकाला खरं आन् दुसऱ्याला खोटं, हे आपल्याच्यानं व्हत न्हाई, वैनी. एकदा तोंडातून गेलं, गेलं." माणसं यायची बंद झाली. येलदरीचा मासा खायला बोटीत कोण बसणार? तो तर बाजारात टोपलीत मिळतो. इंजिन दावणीला बसून जाडं झालं. सकाळचं मीठही बंद. एक दिवस आबाच मला वाटेत अडवून म्हणाले, "कप्तान मीठ टाकंना झालाय. लेकीचं तुमचं जमलं, पर त्या गड्याचं काहून मोडलं?"

रात्रभर नाही, पण दुपारभर मी विचार केला. आयुष्यभर माझी जीभ फुकट चालली होती. म्हटलं, हिला कामाला लावू.

हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण, मी एक सोडलं नाही. "पाटी पेंटरनं चुकवलीय. सुरमईच आहे. माझ्या विहीणबाईंना विचारा, त्या समुद्रकाठच्या." आणि लोकांनी खरंच विचारलं. लेकीच्या सासूबाईंना फोन लावून दिला की त्या शांतपणे म्हणायच्या, "मी जन्म मासळीत काढला. तशी सुरमई आमच्या बंदरातसुद्धा मिळत नाही."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या बाईचं हेच मला शिकता आलं नाही.

मग मीच पेंटर बोलावला. कप्तान कुरकुरला, "म्या सुरमई म्हणणार न्हाई, सांगून ठेवतो."

"तुम्ही गप्प बसा. मी म्हणते."

त्यानंतर कित्येक रविवार मी बोटीत मधोमध बसून येणाऱ्या पाहुण्यांना सुरमईची खूण सांगत आले. तोलही राहायचा. त्यानंही पुन्हा मीठ सुरू केलं. दोन मुठी.

विहीणबाईंनी त्याला किती वेळा बोलावलं, या, समुद्र बघा, भाडं आमचं. तो जात नाही. म्हणतो, "बगून काय करू? एकदा बगितला की मग मला कोणतंच पाणी दर्या वाटायचं न्हाई."

परवा विहीणबाईंचा फोन आला. माझी नात सात वर्षांची, रविवारी बोटीत माझ्याशेजारी बसून वाढलेली; या सुट्टीत ती बापाबरोबर तिकडं गेलेली. त्यांनी तिच्यासाठी बंदरावरून ताजी सुरमई आणली, हातानं तळली, पानात वाढली. पोरीनं एक घास खाल्ला आणि पान सरकवलं.

"म्हणते, ही सुरमई नाही," विहीणबाई सांगत होत्या. "म्हणते, आजी, तुला फसवलं. सुरमईला काटे असतात. रुपयाएवढं खवलं असतं. आता काय करू या पोरीला?"

मी पदर तोंडात कोंबला. फोन ठेवला आणि तशीच कालव्यावर गेले. कप्तान आता थकलाय, तुऱ्यातली पिसं झडलीत, काठावर बसून मिठाची पिशवी सोडत होता. त्याला सगळं सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकलं. एक मूठ टाकली. करंगळी चाखली.

"पोरगी शहाणी हाय," म्हणाला. "दर्यावाल्याइला काय कळतंय माशातलं."